उष्णता ओळखणारं शहर

काशीत हिवाळ्यात एक पदार्थ मिळतो. रात्रभर उघड्या आकाशाखाली ठेवलेल्या दुधातून पहाटे तो घुसळून काढतात आणि ऊन चढलं की तो विरून जातो. त्याचं नाव मलइयो. केशरी-पिवळा फेस मातीच्या पुरव्यात भरून हातात दिला जातो. पुरवा भरलेला दिसतो, पण हाताला वजन जाणवत नाही. जिभेवर ठेवला की दूध, केशर आणि वेलचीची चव मागे सोडून तो नाहीसा होतो.

याच शहरात, घाटांपासून काही किलोमीटरवर, शंभर टनांहून जड रेल्वे इंजिनं तयार होतात. गेल्या साठ वर्षांत भारताच्या रुळांवर धावलेल्या मोठ्या डिझेल इंजिनांपैकी बहुतेक इथल्याच कारखान्यातून बाहेर पडली. काही समुद्र ओलांडून टांझानिया, व्हिएतनाम, श्रीलंका, बांगलादेश इथपर्यंत गेली.

इतका हलका पदार्थ आणि इतकं जड यंत्र एकाच गावाच्या कीर्तीत कसं मावतं? इटलीतल्या मोदेना शहरात जाणाऱ्यांनाही असंच कोडं पडतं. तिथे एका बाजूला जगप्रसिद्ध सिरका आणि चीज, तर दुसऱ्या बाजूला फेरारी आणि मासेराती या मोटारी. दोन्ही शहरांकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की कोड्याचं उत्तर दिसू लागतं. उत्तम पदार्थ करणाऱ्याला आणि उत्तम यंत्र करणाऱ्याला एकच गोष्ट पक्की कळावी लागते, ती म्हणजे उष्णता. ती कुठून येते, कुठे जाते, किती वेळ थांबते आणि तिला कसं वळवायचं, हे ज्यांच्या हातांना कळलं त्यांनी ही शहरं मोठी केली.

घाटाच्या पायऱ्यांपासून

मराठी माणसानं ही वाट धुंडाळायला अहिल्याबाई घाटावरून सुरुवात करावी. दशाश्वमेध घाटाच्या दक्षिणेला, शीतला घाट आणि मुन्शी घाट यांच्या मधे हा घाट आहे. पूर्वी त्याला केवलगिरी घाट म्हणत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अहिल्याबाई होळकरांनी तो बांधला आणि पुढे त्यांचंच नाव त्याला मिळालं. १७२५ साली चौंडीत जन्मलेली, महेश्वरातून राज्यकारभार करणारी ही बाई काशीला केवढं देऊन गेली! विश्वनाथाचं आजचं मंदिर त्यांनी १७८० मध्ये उभं केलं. शेजारच्या दशाश्वमेध घाटाच्या बांधकामात आधी नानासाहेब पेशव्यांचा आणि नंतर अहिल्याबाईंचा हात लागला. २०२१ च्या डिसेंबरात विश्वनाथ धामाचा नवा परिसर खुला झाला, तेव्हा तिथे अहिल्याबाईंचा पुतळाही बसवण्यात आला.

घाट म्हणजे नुसत्या पायऱ्या नाहीत, ती नदीशी केलेली बांधकामाची तडजोड आहे. गंगा हिमालयातून निघून पूर्वेकडे वाहते, पण काशीपाशी ती वळून उत्तरेकडे जाते. वळणाच्या बाहेरच्या काठावर पाण्याचा मारा जास्त असतो, म्हणून एरवी असा काठ खचत जातो. काशीचा काठ टिकला, कारण त्याच्या खाली कंकराची, म्हणजे चुनखडीच्या गाठी मिसळलेल्या घट्ट मातीची उंच धार आहे. त्या धारेवर शहर बसलं आणि तिच्या अंगावर चुनारच्या वालुकाश्माच्या पायऱ्या चढल्या. चुनार नदीच्या वरच्या अंगाला आहे, त्यामुळे तो दगड प्रवाहाबरोबर नावांतून खाली आणता येई. सम्राट अशोकाचे गुळगुळीत स्तंभही याच दगडाचे आहेत.

पायऱ्या इतक्या का, हे पावसाळ्यात समजतं. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून ७१.२६२ मीटर आहे आणि १९७८ च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरवर पोहोचलं होतं. उन्हाळ्यात तीच नदी कित्येक मीटर खाली उतरलेली असते. नदी कुठेही असो, स्नानाला आलेल्या माणसाच्या पायाखाली एक तरी पायरी पाण्याला टेकलेली असली पाहिजे. या एका गरजेतून इतका उंच दगडी उतार घडला. नदी इथे उत्तरेला वाहते, म्हणून घाट पूर्वेला तोंड करून आहेत आणि दिवसाचं पहिलं ऊन आडवं येऊन थेट या दगडावर पडतं. रात्रभर गार झालेल्या पायऱ्या सकाळी झपाट्यानं तापू लागतात. वरच्या गल्ल्यांत मलइयोवाल्याची घाई सुरू असते ती याच उन्हामुळे.

दूध आकाशाला उष्णता देतं

मलइयो चौखंबा, ठठेरी बाजार आणि गोपाळ मंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांत विकला जातो. मोसम फक्त थंडीचा. करणारे सांगतात ती रीत अशी. दूध चांगलं उकळायचं आणि रात्री उघड्यावर, दव पडेल असं ठेवून द्यायचं. पहाटे त्यात साखर, केशर, वेलची घालून रवीनं घुसळायचं. वर येईल तो फेस अलगद काढून वेगळ्या भांड्यात साठवायचा. फेस खाऊन झाला की त्याच पुरव्यात थोडं केशरी दूध ओतून देतात. लखनौचं मख्खन मलाई आणि दिल्लीची दौलत की चाट ही याचीच भावंडं.

दवामुळे फेस येतो, असं काशीत पिढ्यान्पिढ्या म्हणतात. या म्हणण्यामागचं शास्त्र पाहिलं की थक्क व्हायला होतं. प्रत्येक वस्तू आपली उष्णता अदृश्य किरणांच्या रूपात सतत बाहेर टाकत असते. दिवसा सूर्याकडून मिळणारी भर त्याहून मोठी असते. रात्री ती भर थांबते. आकाशात ढग असतील तर ते ही किरणं शोषून काही उष्णता परत जमिनीकडे पाठवतात. आकाश निरभ्र असेल तर परत येणारी उष्णता फार थोडी असते, आणि उघड्यावरची वस्तू भोवतालच्या हवेहूनही गार होऊ शकते. अशा गार झालेल्या पृष्ठभागावर हवेतली वाफ पाणी होऊन बसते. तेच दव. म्हणजे दव पडलं याचा अर्थ, दुधानं आपली उष्णता मनसोक्त आकाशाला देऊन टाकली. मलइयो करणाऱ्याला दव ही खूण पुरते. तापमापीची गरज पडत नाही.

गार झालेल्या दुधात फेस का टिकतो? घुसळताना दुधात हवेचे बुडबुडे शिरतात. दुधातली प्रथिनं त्या बुडबुड्यांभोवती पातळ पडदा धरतात, आणि आधी उकळल्यामुळे काही प्रथिनांच्या घड्या उलगडून ती पडदा धरायला अधिक तयार झालेली असतात. स्निग्धांश मात्र फेसाचा वैरी ठरू शकतो. तो पातळ असेल तर पडद्यात शिरून बुडबुडे फोडतो. थंडीत स्निग्धांशाचे कण घट्ट होतात आणि हा उपद्रव कमी होतो. गार दूध दाटही असतं, त्यामुळे बुडबुड्यांच्या मधून ते हळू निथळतं. पडदे जास्त वेळ ओले राहतात आणि फेस उभा राहतो. सूर्य वर आला की सगळं उलटं सुरू होतं. स्निग्धांश सैल पडतो, दूध पातळ होऊन खाली उतरतं, फेस बसतो. म्हणून मलइयो डब्यात भरून पुण्या-मुंबईला नेता येत नाही. त्याच्यासाठी आपणच जावं लागतं.

गंगेच्या मैदानात आकाशाला उष्णता देण्याची ही विद्या जुनी आहे. सर रॉबर्ट बार्कर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १७७५ साली अलाहाबाद भागातल्या बर्फ बनवणाऱ्यांचं वर्णन छापलं. जिथे तळ्यात कधी बर्फ दिसत नाही अशा प्रदेशात ती माणसं उथळ खड्ड्यात उसाची किंवा धान्याची वाळलेली ताटं पसरत, त्यावर मातीच्या सच्छिद्र, पसरट थाळ्या मांडत, संध्याकाळी त्यात उकळून गार केलेलं पाणी भरत आणि सूर्योदयापूर्वी बर्फ गोळा करत. खालची ताटं जमिनीची ऊब वर येऊ देत नसत. वरून पाणी आपली उष्णता आकाशाकडे सोडी. थाळीच्या छिद्रांतून झिरपणारं पाणी वाफ होताना आणखी गारवा देई. वीज नाही, यंत्र नाही, आणि तरी सकाळी हातात बर्फ! अहिल्याबाई महेश्वरातून राज्य चालवत होत्या त्याच काळातली ही गोष्ट. पाणी असो वा दूध, उकळून उथळ ठेवायचं आणि रात्रीच्या स्वाधीन करायचं, हे दोन्हीकडे सारखं आहे.

तांब्याची गल्ली

मलइयो खाऊन पुढे निघालं की ठठेरी बाजार लागतो. तांब्या-पितळेची भांडी ठोकणाऱ्या ठठेऱ्यांची ही जुनी पेठ, आणि शहरातल्या नामांकित हलवायांची दुकानंही इथेच. भांडं घडवणारा आणि भांड्यात शिजवणारा एकमेकांना लागून राहतात, याला कारण आहे. तांबं लोखंडाच्या सुमारे पाचपट सहजतेनं उष्णता वाहून नेतं. जाळ बुडाला एका जागी लागला तरी तांब्याचं भांडं ती उष्णता सगळीकडे पसरवतं, त्यामुळे पदार्थ एका जागी करपत नाही. आंबट पदार्थ तांब्याला लागून कळकू नये म्हणून आतून कल्हई. याउलट खवा आटवायला आणि कचौडी तळायला जाड लोखंडी कढई. ती तापायला वेळ घेते, पण तापली की गार कचौड्यांचा घाणा सोडल्यावरही तेलाची धग चटकन खाली येऊ देत नाही. कुठल्या कामाला कुठला धातू, हे शहाणपण या गल्लीत दोन्ही बाजूंनी वाढलं, ठोकणाऱ्याच्या आणि ढवळणाऱ्याच्या.

सकाळची कचौडी-जिलेबी हा काशीचा नेमाचा नाश्ता. कचौडीच्या पारीत मोहन नीट मुरलेलं असलं आणि तेल मध्यम असलं तर पिठातलं पाणी हळूहळू वाफ होऊन निघतं आणि पापुद्रे खुसखुशीत होतात. तेल फार तापलेलं असेल तर बाहेरचा पापुद्रा आधीच घट्ट होतो आणि आत कच्चेपणा राहतो. हलवाई पिठाचा बारीक गोळा टाकून तो किती वेळात वर येतो ते पाहतो. चूल, कढई आणि त्या गोळ्याचा वर येण्याचा वेळ, एवढ्यावर त्याचा निर्णय होतो.

याच बाजारात स्वातंत्र्यलढ्याच्या काळात तिरंगी बर्फी जन्मली. केशराचा रंग, खव्याचा पांढरा आणि पिस्त्याचा हिरवा, असे तीन थर. झेंडा मिरवणं धोक्याचं होतं त्या काळी हलवायांनी तो मिठाईच्या थाळीत उभा केला. २०२४ मध्ये बनारसच्या या बर्फीला आणि इथल्या थंडाईला भौगोलिक मानांकन मिळालं. बनारसी पान आणि लंगडा आंबा यांना ते आदल्या वर्षीच मिळालं होतं. केशर फार तापवलं तर सुगंध उडतो आणि पिस्त्याचा हिरवा रंग मळकट होतो. म्हणून तिन्ही रंग उजळ ठेवणं हेसुद्धा आच सांभाळण्याचंच काम आहे.

मोदेनाच्या माळ्यावर

आता थोडा वेळ इटलीत जाऊ. मोदेनाचा पारंपरिक सिरका, आचेतो बाल्सामिको, द्राक्षाचा रस आटवून करतात. मग तो लहान लहान होत जाणाऱ्या लाकडी पिंपांच्या ओळीतून वर्षानुवर्षं पुढे सरकतो. ओक, चेस्टनट, चेरी, तुती, ज्युनिपर अशी निरनिराळी लाकडं, प्रत्येकाचा वेगळा वास. ही पिंपं तळघरात नसतात, घराच्या माळ्यावर असतात. उन्हाळ्यात माळा तापतो, पाणी उडून जातं, आंबवणं वेग धरतं. हिवाळ्यात माळा गारठतो आणि रस निवळतो. किमान १२ वर्षं हे चालतं आणि सगळ्यात वरच्या दर्जासाठी २५. काशीच्या दुधाला एक रात्र पुरते, मोदेनाच्या रसाला पाव शतक लागतं. दोन्हीकडे चूल बंद आहे आणि काम ऋतूच करतो.

पार्मिजानो रेज्जानो हे तिथलं चीज तांब्याच्या मोठ्या, उलट्या घंटेसारख्या कढयांत बनतं. एका चक्क्याला सुमारे ५५० लिटर दूध लागतं. दूध फाटल्यावर त्याचे कण ५५ अंशांपर्यंत तापवतात. इथेही तांबंच, आणि कारण ठठेरी बाजारातलंच.

याच शहरात १८९८ साली एन्झो फेरारी जन्मला. त्याचे वडील आल्फ्रेदो धातूकामाचा कारखाना चालवत आणि रेल्वेसाठी लोखंडी काम करून देत. ते घर आणि तो कारखाना आज संग्रहालय आहे. २०१२ मध्ये त्याच्या शेजारी मोटारीच्या बॉनेटसारखं पिवळं छप्पर असलेली नवी इमारत उभी राहिली. पिवळा हा मोदेनाचा रंग. एन्झोनं जवळच्या मारानेल्लोत कारखाना थाटला आणि १९४७ मध्ये फेरारी नावाची पहिली गाडी, १२५ एस, बाहेर काढली. बारा सिलिंडर, आणि सगळे मिळून अवघे दीड लिटर आकारमान.

मोदेनाच्या खास सिरक्याची १०० मिलीलिटरची बाटली रेखाटली ती जोर्जेत्तो जुजारो यांनी. हेच जुजारो मोटारींचे जगप्रसिद्ध रचनाकार. आपल्याकडे नव्वदच्या दशकात धावलेल्या फियाट उनोची मूळ आकृती त्यांचीच. एकच हात सिरक्याच्या बाटलीला आणि गाडीला आकार देतो, यात मोदेनात कोणाला वावगं वाटत नाही, कारण तिथे दोन्ही कसबं एकाच आदरानं पाहिली जातात.

ठिणगीशिवाय पेटणारी आग

काशीला परत येऊ. शहराच्या नैर्ऋत्येला रेल्वेचा विशाल कारखाना आणि त्याची वसाहत आहे. १९५६ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी त्याची पायाभरणी केली, १९६१ मध्ये तो संस्था म्हणून उभा राहिला आणि १९६४ च्या जानेवारीत पहिलं इंजिन बाहेर आलं. तेव्हाचं नाव डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स. सुरुवातीचं तंत्रज्ञान अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीचं, म्हणजे अल्कोचं. त्यातून भारतीय रेल्वेचं सर्वांत ओळखीचं डिझेल इंजिन घडलं, डब्ल्यूडीएम-२. अशी अडीच हजारांहून जास्त इंजिनं बनली.

डब्ल्यूडीएम-२ चं वजन सुमारे ११३ टन आणि ताकद २६०० अश्वशक्ती. आतल्या यंत्राला इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन रांगांत १६ सिलिंडर. एकेका सिलिंडरचं आकारमान ११ लिटरच्या आसपास. पहिल्या फेरारीचं सगळं इंजिन दीड लिटरचं होतं. म्हणजे या यंत्राचा एक सिलिंडर तशा सात फेरारींच्या बरोबरीचा, आणि असे सोळा!

आणि या सोळांपैकी एकातही ठिणगी पाडणारा प्लग नाही. डिझेल इंजिन पेटतं ते दाबल्यामुळे. दट्ट्या वर येताना सिलिंडरमधली हवा तिच्या जागेच्या साधारण बाराव्या हिश्श्यात कोंबतो. अशी एकदम कोंडलेली हवा तापते, कारण दट्ट्यानं केलेलं सगळं काम उष्णता होऊन तिच्यातच साठतं. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक गरम लागतं, तेच इथे फार मोठ्या प्रमाणावर घडतं. हवा ५०० अंश सेल्सिअसच्या घरात जाते. त्या क्षणी बारीक तुषार करून डिझेल आत सोडलं की ते आपोआप पेट घेतं. मिनिटाला १००० फेरे धरले तर सोळा सिलिंडरांत मिळून सेकंदाला १३० हून जास्त वेळा ही आग लागते आणि विझते. कारखान्यात दट्ट्या, सिलिंडर आणि झडपा यांच्यात अगदी नेमक्या, बारीक फटी राखाव्या लागतात त्या यासाठीच. फट जास्त झाली तर दाब निसटतो आणि पेटायला पुरेशी उष्णताच तयार होत नाही. फट कमी पडली तर तापलेला धातू फुगून अडकतो.

आता आणखी एक आश्चर्य. हे अजस्र यंत्र चाकं फिरवतच नाही. ते फिरवतं विजेचं जनित्र. जनित्रातली वीज खाली सहा आसांवर बसवलेल्या सहा मोटारींना जाते आणि गाडी त्या ओढतात. असा वळसा का? डिझेल इंजिनाला जोर देण्यासाठी आधी फिरत असावं लागतं, थांबलेल्या चाकाला ते थेट जोडलं तर बंद पडतं. विजेच्या मोटारीचं नेमकं उलटं. ती उभी असतानाच सर्वाधिक रेटा देते. हजारो टनांची मालगाडी जागची हलवायची तर असाच रेटा हवा. एकाची उणीव दुसऱ्यानं भरून काढायची ही जोडी म्हणजे डिझेल-विद्युत इंजिन.

जुनी अल्को इंजिनं निघताना काळा धूर सोडत, तो कोणाला आठवत नाही? चालकानं जोर वाढवला की डिझेल लगेच वाढे, पण जास्तीची हवा भरणारा टर्बोचार्जर वेग घ्यायला थोडा वेळ लावी. तेवढ्या वेळात हवा कमी आणि इंधन जास्त, म्हणून अर्धवट जळालेला काळा धूर. टर्बो फिरू लागला की धूर निवळे. त्या धुरातही उष्णतेचा आणि हवेचा हिशेब लिहिलेला असे.

कोकणापर्यंत पोहोचलेली काशी

मराठी घरांत या कारखान्याचा आवाज ओळखीचा आहे, फक्त तो काशीचा आहे हे आपण लक्षात घेतलेलं नसतं. १९९८ मध्ये कोकण रेल्वे सुरू झाली आणि २०२२ मध्ये तिचं विद्युतीकरण पूर्ण झालं. मधलं जवळपास पाव शतक रत्नागिरी, कणकवली, कुडाळला घुमणारे भोंगे डिझेल इंजिनांचे होते आणि ती इंजिनं बहुतांशी वाराणसीत घडलेली होती. मराठवाड्यात, विदर्भातही तेच. गणपतीला गावी जाणाऱ्या कितीतरी पिढ्यांना काशीच्या कामगारांनी ओढून नेलं आहे.

उतारावर या इंजिनांची आणखी एक करामत दिसे. गाडी खाली येताना चाकांवरच्या मोटारी उलट्या वापरून त्यांनाच जनित्र करत. फिरणाऱ्या चाकांची ऊर्जा वीज होई, ती वीज मोठ्या रोधकांना तापवी आणि ती उष्णता पंख्यानं बाहेर फेकली जाई. म्हणजे अख्ख्या गाडीचा वेग उष्णता होऊन हवेत विरे आणि ब्रेकचे ठोकळे झिजण्यापासून वाचत.

ती उष्णताही आता वाया जाऊ द्यायची नाही, असं काशीच्या कारखान्यानं ठरवलं. गेल्या दशकात तो विजेच्या इंजिनांकडे वळला. सहा हजार अश्वशक्तीची डब्ल्यूएपी-७ आणि डब्ल्यूएजी-९ ही इंजिनं उतारावर तयार होणारी वीज वरच्या तारेत परत सोडतात आणि त्याच मार्गावरची दुसरी गाडी ती वापरू शकते. मधल्या काळात या कारखान्यानं जुनी अल्को मालगाडी इंजिनं घेऊन त्यातलं डिझेल यंत्र काढलं आणि त्याच सांगाड्यात विजेची यंत्रणा बसवली. अशा दोन इंजिनांची जोडी १०,००० अश्वशक्तीची झाली. २०१९ च्या फेब्रुवारीत वाराणसीत तिला हिरवा झेंडा दाखवला गेला. २०२० मध्ये कारखान्याच्या नावातला डिझेल शब्द गेला आणि त्याचं नाव बनारस रेल इंजन कारखाना झालं.

गंगेवरही हा बदल दिसतो. घाटावरच्या नावांना एकेकाळी फक्त वल्ही असत, मग डिझेलची छोटी यंत्रं आली, आणि आता अनेक नावा सीएनजीवर चालतात. त्यांच्यासाठी नमो घाटावर, म्हणजे पूर्वीच्या खिडकिया घाटावर, गेल कंपनीनं पाण्यावर तरंगणारं सीएनजी केंद्र उभारलं आहे.

हे पाहायला कसं जावं

डिसेंबर-जानेवारीत जावं. सकाळ अहिल्याबाई घाटावर सुरू करावी आणि दगडाला हात लावून तो तापताना पाहावा. मग गल्ल्यांत शिरून ऊन वर येण्याआधी मलइयो खावा. ठठेरी बाजारात भांडी पाहावी, वजन हातात घ्यावं, ठोकणाऱ्याला प्रश्न विचारावेत. कारागीर प्रश्नांना आनंदानं उत्तर देतात. दुपारी बनारस स्थानकावर, म्हणजे पूर्वीच्या मंडुआडीहला, जावं. इंजिन कारखाना तिथून जवळ आहे. तो चालता कारखाना असल्यानं आत जायला आगाऊ परवानगी लागते, पण फलाटावर उभ्या असलेल्या इंजिनाकडे पाहायला कोणाची परवानगी नको. बऱ्याच इंजिनांच्या अंगावर बांधणीची पाटी असते. तिच्यावर वाराणसीचा उल्लेख शोधावा. मुलं बरोबर असतील तर हा खेळ पुणे, मिरज, नांदेडच्या फलाटांवरही खेळता येतो.

मोदेनानं आपला सिरका आणि आपली मोटार दोन्ही एकाच अभिमानानं जगापुढे ठेवली. काशीकडे मांडायला त्याहून कमी नाही. मराठी माणूस काशीला जातो तो पुण्यासाठी, आणि ते योग्यच आहे. पण ज्या अहिल्याबाईंनी तिथे घाट बांधला त्यांनी गवंडी, पाथरवट, सुतार आणि विणकर यांना आयुष्यभर काम आणि मान दिला. महेश्वरच्या साड्या आजही त्याची साक्ष देतात. त्यांच्या नावाच्या पायऱ्या चढून गेलेल्या आपण काशीतल्या कारागिरांकडेही त्याच नजरेनं पाहायला हवं. निरभ्र रात्र ओळखणारा हलवाई, तांब्याचा स्वभाव जाणणारा ठठेरा आणि दाबलेल्या हवेतून आग काढणारा कारखान्यातला फिटर, हे तिघेही उष्णतेचे जाणकार आहेत. शाळेत उष्णतेचा धडा आपण सगळेच शिकतो. वहन, प्रारण, दाबानं तापणारा वायू, हे शब्द पाठ करून परीक्षा देतो. काशीत ते सगळं एका दिवसात खाता येतं, हातात घेता येतं आणि रुळांवरून धडधडत जाताना पाहता येतं. यात्रेच्या यादीत देवळांच्या जोडीला ही तीन ठिकाणं लिहून ठेवावीत आणि मुलांना नक्की न्यावं.